देंदूर मंदिर

देंदूर मंदिर : रोमन अंमलाच्या आरंभकाळात न्यूबियात (ईजिप्तचा दक्षिण भाग व सूदानचा उत्तर भाग) बांधलेले वालुकाश्माचे एक लहान ईजिप्शियन मंदिर. आस्वानच्या दक्षिणेस सु. ८० किमी. वर, नाईल नदीच्या पश्चिम तीरावर ते उभे होते. १९७८ पासून ते न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात आहे. इसिस देवता तसेच पेदेसी आणि पिहोर हे दैवतपद पावलेले दोन बंधू यांच्या पूजेसाठी ते उभारण्यात आले.

इ. स. पू. ३० मध्ये ईजिप्त रोमच्या ताब्यात गेल्यानंतर थोड्याच वर्षांत दक्षिणेकडील मेरोई राज्याशी युद्ध जुंपले. ईजिप्तचा रोमन प्रांताधिपती पेट्रोनियस याने न्यूबियात स्वारी केली आणि इ. स. पू. २१–२० च्या सुमारास सामोस बेटावर तह होऊन सीमा निश्चित झाली. मंदिराची उभारणी या तहानंतरची, हे बहुतेकांना मान्य आहे. ती इ. स. पू. १५ च्या सुमारास सुरू होऊन इ. स. पू. १० पर्यंत बरीचशी पूर्ण झाली असावी. सीमाभागातील स्थानिक घराण्यांची निष्ठा संपादन करण्याचा रोमन राज्यकर्त्यांचा हेतू त्यामागे होता, हे मत परिस्थितीला धरून आहे.

पेदेसी आणि पिहोर हे कुपेर नावाच्या स्थानिक न्यूबियन प्रमुखाचे पुत्र. त्यांना देवत्व का मिळाले, याविषयी दोन मते आहेत. ते नाईलमध्ये बुडून मरण पावले, हे जुने आणि अधिक प्रचलित मत. नदीत बुडालेल्या किंवा मगरीने ओढून नेलेल्या माणसाचे प्रेत नजीकच्या नगराने सन्मानाने मसाला भरून पुरावे, त्याला सामान्य मृतांहून श्रेष्ठ मानावे, अशी ईजिप्शियनांची रीत ग्रीक इतिहासकार हीरॉडोटसने नोंदविली आहे. उत्तरकालीन लेखांत बुडालेल्यांना दिली जाणारी सन्मानदर्शक उपाधी या बंधूंनाही लावलेली आढळते. ही उपाधी इतर पूज्य मृतांसाठीही वापरली जात असल्याने केवळ तिच्यावरून मृत्यूचे कारण सिद्ध होत नाही, असा आक्षेप घेतला जातो आणि बंधूंचा अंत रोम–मेरोई संघर्षात झाला असावा, असा पर्याय सुचविला जातो. या दुसऱ्या मताला प्रत्यक्ष लेखाधार नाही. म्हणून पहिले मत, सावधपणे का होईना, अधिक ग्राह्य वाटते. मंदिरामागील कड्यात खोदलेली लहान कोठी ही त्यांची समाधी असावी, असाही तर्क आहे.

मंदिराची लांबी सु. १२·५ मी. असून रुंदी व उंची प्रत्येकी सु. ६·४ मी. आहे. पुढे सु. ८ मी. उंचीचे स्वतंत्र प्रवेशद्वार आहे. दोन स्तंभांचा मुखमंडप, मधली खोली आणि गाभारा अशी सरळ रेषेतील रचना आहे. बाह्य भिंतींवर खोलगट, तर मुखमंडपात उठावाची शिल्पे आहेत. त्यांत रोमन सम्राट ऑगस्टस फेअरोच्या वेषात इसिस, ओसायरिस, होरस आदी देवतांना नैवेद्य अर्पण करताना दिसतो. आतील दोन खोल्या जवळजवळ कोऱ्या आहेत. गाभाऱ्याच्या मागील भिंतीवर मात्र दोघे बंधू ओसायरिस व इसिस यांची पूजा करताना कोरलेले आहेत.

सहाव्या शतकात मंदिराचे चर्चमध्ये रूपांतर झाले. त्याविषयीच्या कॉप्टिक (ईजिप्शियन ख्रिस्ती लोकांची भाषा) लेखात न्यूबियन राजा ऐर्पानोमे, आस्वानजवळील फिली बेटाचा बिशप थिओडोर आणि क्रूस उभारणारा धर्मगुरू अब्राहम यांचे उल्लेख आहेत. लेखातील कालनिर्देश पंधरा वर्षांच्या करचक्रातील सातव्या वर्षाचा असल्याने ५५९ व ५७४ ही दोन्ही वर्षे त्याला जुळतात. काहींनी ५४४ चीही शक्यता मांडली आहे. एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनी भिंतींवर आपली नावे कोरली. त्यांत पुढे न्यूयॉर्क राज्याचा उपराज्यपाल झालेल्या लूथर ब्रॅडिशचे, १८२१ सालचे नाव आहे.

आस्वानचे पहिले धरण १९०२ मध्ये पूर्ण झाले व पुढे दोनदा उंचावण्यात आले. त्यामुळे मंदिर वर्षातील बराच काळ पाण्याखाली राहू लागले आणि शिल्पांवरील रंग धुऊन गेले. ही हानी कधीही भरून येणारी नाही. नव्या उंच धरणामुळे ते कायमचे बुडणार होते. म्हणून युनेस्कोने १९६० मध्ये सुरू केलेल्या न्यूबिया मोहिमेत ते १९६३ मध्ये चिरा चिरा सुटा करून उतरविण्यात आले. मोहिमेला दिलेल्या साहाय्याबद्दल ईजिप्तने १९६५ मध्ये ते अमेरिकेला भेट दिले. बॉस्टन येथे चार्ल्स नदीकाठी आणि वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅककाठी ते उघड्यावर उभारण्याचे प्रस्ताव होते. तथापि तेथील हवामानात वालुकाश्म टिकणार नाही, असे मत पडल्याने १९६७ मध्ये बंदिस्त दालनाची हमी देणाऱ्या मेट्रोपॉलिटनची निवड झाली. एकूण ८०० टनांहून अधिक वजनाचे चिरे ६६१ पेट्यांतून नेण्यात आले. नव्या दालनात मंदिरासमोर नाईलचे सूचन करणारा जलाशय आणि मागे कड्याची आठवण देणारी उतरती भिंत आहे.

याच मोहिमेतील इतर भेटींपैकी ताफे मंदिर लायडनला, एलेसियाचे शैलमंदिर तूरिनला आणि देबोद मंदिर माद्रिदला गेले. यांपैकी देबोद १९७२ पासून उघड्या उद्यानात आहे. त्याच्या दगडाची झीज पाहता त्यावर आच्छादन घालावे, अशी मागणी तज्ज्ञांकडून होत आली आहे.