कुत्र्याच्या पंजाची गादी सोलते तेव्हा

रविवारी सकाळी टेकडीवरून घरी आलो आणि फरशीवर तांबडे ठसे दिसले. वळून पाहिलं तर भुरी दारातच बसून उजवा पुढचा पंजा चाटत होती. तासभर चेंडूमागे धावताना तिनं हूं की चूं केलं नव्हतं. शेवटचा चेंडूसुद्धा शेपटी हलवतच आणून दिला होता. पंजा उलटा करून बघितला. मधल्या मोठ्या गादीवरचं काळं कातडं रुपयाएवढं सुटून एका कडेला लोंबत होतं आणि खालचा भाग डाळिंबाच्या दाण्यासारखा ओला, गुलाबी चकाकत होता. माझ्या पोटात खड्डाच पडला. चेंडू फेकणारा हात माझा होता.

कुत्रा आपल्यासारखं पाऊल टेकवून चालत नाही, बोटांवर चालतो. मागच्या पायात उलटा वाकलेला गुडघा वाटतो ती खरं तर त्याची टाच, कायम हवेत उचललेली. म्हणजे सगळं वजन बोटांखालच्या चार लहान गाद्या आणि त्यांच्यामागची एक मोठी गादी यांवर पडतं. पुढच्या पायांना मनगटाच्या मागे आणखी एक छोटी गादी असते. चालताना ती जमिनीला लागत नाही, पण भरधाव वेगात थांबताना किंवा वळताना पाय इतका वाकतो की तीही घासते.

गादी हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. कापूस एका बाजूला गोळा होऊ नये म्हणून पिंजारी गादीला आरपार टाके घालतो ना, तशीच रचना पंजात आहे. आत मऊ चरबी, आणि ती सरकू नये म्हणून चिवट तंतूंच्या भिंतींनी केलेले कप्पे. पाय आपटला की चरबी दबते, भिंती ताणल्या जातात आणि हाडांपर्यंत पोचणारा हादरा कमी होतो. वर कुत्र्याच्या अंगावरची सर्वांत जाड कातडी, तिच्यावर शंकूसारखे बारीक उंचवटे. बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं ते त्यामुळेच. पकड तिथूनच मिळते.

कुत्र्याच्या घामाच्या खऱ्या ग्रंथीही मुख्यतः इथेच असतात. डॉक्टरांच्या टेबलावर घाबरलेल्या कुत्र्याचे ओले ठसे उमटतात ते याच घामाचे. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये या गाद्यांमधल्या रक्तवाहिन्यांची रचना दाखवली. पंजाकडे जाणारं गरम रक्त परतणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच ऊब देतं, त्यामुळे बर्फावर चालूनही शरीर गारठत नाही. थंडीसाठी इतकी सुंदर सोय आहे. उन्हात तापलेल्या डांबरापासून मात्र ती वाचवत नाही. आपल्याकडे मार्च उजाडला की डांबर हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी सहज जास्त तापतं. तळहाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर ठेवून बघावी. आपल्याला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही.

पण भुरीचं उन्हानं झालं नव्हतं. सकाळचे सात वाजले होते. तिच्या गादीला नुसत्या पळण्यापेक्षा थांबणं जास्त नडलं. सरळ धावताना पंजा जमिनीवर टेकतो आणि उचलला जातो, घासला फार कमी जातो. चेंडूजवळ पोचल्यावर मात्र ती पुढचे दोन्ही पाय रोवून घसरत थांबते आणि जागच्या जागी गर्रकन वळते. उभ्या कुत्र्याचं सुमारे साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, थांबताना ते आणखी वाढतं. कातडीचा वरचा थर जमिनीला धरून राहतो आणि खालचा थर शरीराबरोबर पुढे जाऊ बघतो. या ओढाताणीत दोन थर एकमेकांपासून सुटतात, मध्ये फोड येतो, आणि पुढच्या वळणावर तो फाटतो. नवी चप्पल लागते तेव्हा आपल्या टाचेवर हेच घडतं. आमच्या टेकडीवर तर बेसॉल्टचे खडे आणि मुरूम, म्हणजे कानसच. त्यात आदल्या रात्री पाऊस झालेला. धुण्याभांड्यानंतर आपली बोटं जशी भिजून मऊ होतात, तशीच भिजलेली गादी लवकर सोलते. समुद्रावर पाण्यात खेळून लगेच वाळूत पळणाऱ्या कुत्र्यांना हाच त्रास होतो.

मग ती थांबली का नाही? पाठलागाच्या भरात शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि वेदना दाबणारी द्रव्यं वाहत असतात. दुखणं जाणवतं ते घरी येऊन अंग निवल्यावर. म्हणून «दमला की आपणच थांबेल» या भरवशावर खेळ चालू ठेवू नये. दर आठ-दहा फेकींनंतर चेंडू खिशात टाकायचा आणि पंजे उलटे करून बघायचे, हे मी त्या दिवसापासून सुरू केलं.

आता उपचार. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं दहा मिनिटं सलग दाबून धरायचं, मध्ये उघडून बघायचं नाही. मग कोमट पाणी किंवा सलाइनच्या धारेखाली पंजा धरून बोटांच्या बेचक्यांतले खडे, कुसळं काढायची. पोव्हिडोन आयोडिनचं द्रावण फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाचं होईल इतकं पाण्यात पातळ करून त्यानं धुवायचं. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड नको, नव्यानं वाढणाऱ्या पेशीही त्यानं मरतात. लोंबणारं कातडं ओढून काढू नये. खाली जिवंत कातडी असते, ते डॉक्टरांनीच कापावं.

आई म्हणाली, हळद भर. तिची माया मला कळते, पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते आणि तिचे कण ओल्या जखमेत रुतून बसतात. माणसांसाठीची मलमंही मनानं लावू नयेत, कारण कुत्रा ती चाटणारच, आणि काहींमधलं झिंक ऑक्साइड पोटात गेलं की अपाय करतं. सर्वांत मोठा धोका मात्र आपल्या औषधांच्या डब्यात असतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, पॅरासिटामॉल यांतली कुठलीही गोळी कुत्र्याला मनानं देऊ नका. पहिल्या दोन्हींनी त्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर आणि रक्तावर घाला घालतं. (डायक्लोफिनॅक म्हणजे तेच औषध, ज्यामुळे आपली गिधाडं संपत आली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर भारतात बंदी आली.)

चाटण्याबद्दल एक समज घट्ट आहे, की कुत्र्याची जखम त्याच्या जिभेनं बरी होते. लाळेत काही जंतूंना मारण्याची थोडी ताकद आहे, हे खरं. पण सतत चाटल्यानं जखम ओलसर राहते, खरखरीत जिभेनं नवी कातडी निघते, आणि तोंडातले इतर जंतू आत जातात. म्हणून गळ्यात कोन, म्हणजे तोंड जखमेपर्यंत पोचू न देणारी शंकूसारखी कॉलर, हवा. भुरीनं पहिले दोन दिवस तो दाराच्या चौकटीला आपटला, मग मान्य केला.

पट्टी बांधायची तर जखमेला न चिकटणारी जाळी, बोटांमध्ये थोडा कापूस आणि वर सैलसर बँडेज. मधल्या दोन बोटांची टोकं उघडी ठेवायची. ती सुजली किंवा गार पडली तर पट्टी घट्ट झाली आहे, लगेच सोडायची. घट्ट पट्टीनं पंजाचं नुकसान मूळ जखमेपेक्षा जास्त होऊ शकतं. बाहेर नेताना वरून प्लॅस्टिकची पिशवी, घरात येताच ती काढायची. भिजलेली पट्टी तशीच राहू देऊ नये.

रक्त थांबत नसेल, चीर खोल असेल, काच किंवा काटा रुतला असेल, पू किंवा वास येत असेल, दोन दिवसांनीही पाय टेकवत नसेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. आणि खेळलेला नसताना सगळ्याच गाद्या जाड, भेगाळ किंवा फोड आलेल्या दिसल्या तर ते घासण्याचं नाही. डिस्टेंपरसारख्या आजारातही गाद्या दगडासारख्या कडक होतात.

सगळ्यांत अवघड भाग वाट बघण्याचा. कातडीच्या पेशी तळच्या थरात जन्मतात आणि थरामागून थर वर सरकतात. कुत्र्याच्या अंगावरच्या साध्या कातडीत या प्रवासाला साधारण तीन आठवडे लागतात. वरवर खरचटलेली गादी आठ-दहा दिवसांत सावरते, खोल सोललेलीला तीन आठवडे किंवा अधिक. पाचव्या दिवशी भुरी उड्या मारायला लागली, पण गादी अजून कागदासारखी पातळ होती. तिथे चेंडू फेकला असता तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

दिवाळीनंतर मेंढ्यांबरोबर घाटवाटा तुडवणाऱ्या धनगरांच्या कुत्र्यांचे पंजे पाहिले तर टायरसारखे कडक असतात. रोजच्या चालीनं ते हळूहळू घट्टे पडून कमावलेले. फरशीवर झोपणाऱ्या कुत्र्याला आठवड्यातून एकदाच तासभर मुरुमावर पळवलं तर ते बळ येणार कुठून? अलास्कातल्या सोळाशे किलोमीटरच्या इडिटरॉड शर्यतीतही, जिथे कुत्री वर्षभर तयार केलेली असतात, दर कुत्र्यामागे आठ कापडी मोजे बरोबर ठेवण्याची सक्ती आहे.

बाविसाव्या दिवशी आम्ही पुन्हा बाहेर पडलो. टेकडी नाही, सोसायटीमागचं गवत, फक्त दहा मिनिटं, गळ्यात पट्टा. घरी येऊन पंजा हातात घेतला. नवी कातडी अजून फिकट गुलाबी होती, कडेनं मात्र काळा रंग आत सरकायला लागला होता.