‘लागली’ की ‘नाही लागली’: मैदानी लेझर टॅगची पार्श्वभूमी

लुटुपुटूच्या लढाईत एक भांडण ठरलेलं असतं. एक ओरडतो, ‘तू मेलास!’ दुसरा म्हणतो, ‘छे, लागलीच नाही.’ गोळीच खोटी, त्यामुळे पुरावा कुणाकडेच नाही. लेझर टॅग म्हणजे गोळीऐवजी प्रकाशाच्या झोताने एकमेकांना टिपायचा खेळ. त्याचा इतिहास हा बराचसा हे भांडण मिटवण्याच्या खटपटीचा इतिहास आहे, आणि ती खटपट मुलांच्या आधी लष्कराने केली.

लष्करी सरावात नुसता आवाज करणारी, बिनगोळीची काडतुसं वापरतात. कोण मेलं हे ठरवायला पंच फिरायचे, आणि पंचांचं कोण किती ऐकतं हे वेगळं सांगायला नको. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी लष्कराने यावर ‘माइल्स’ नावाची यंत्रणा आणली. ती बनवली झेरॉक्सच्या एका विभागाने; हो, तीच झेरॉक्स. रायफलच्या नळीवर एक डबी बसवलेली असे. बिनगोळीचं काडतूस फुटलं की डबीतून न दिसणाऱ्या इन्फ्रारेड लेझरचा झोत सुटायचा. समोरच्याच्या हेल्मेटवर आणि अंगावरच्या पट्ट्यांवर तो टिपणारे सेन्सर असत. नेम थोडक्यात हुकला तर नुसती पिपाणी वाजे. बसला तर ती थांबायचं नावच घेत नसे. ती बंद करायची तर स्वतःच्या रायफलवरच्या डबीची किल्ली काढून अंगावरच्या यंत्रात घालावी लागे, आणि किल्ली निघाली की डबी निकामी! म्हणजे मेलेल्याने मेल्यासारखं वागायची सोय यंत्रातच केलेली. एवढी चतुराई मला पुढच्या कुठल्याच खेळण्यात दिसली नाही.

त्याच सुमारास नागरिकांनी दुसरा मार्ग शोधला. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथे बारा जणांनी जंगलात पेंटबॉलचा, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडायच्या खेळाचा, पहिला डाव खेळला. त्यांची पिस्तुलं मुळात झाडांवर आणि गुरांवर खुणेसाठी रंग उडवायची. पुरावा आता कपड्यावरच दिसू लागला. गंमत म्हणजे, जिंकणाऱ्याने एकही गोळी न झाडता गुपचूप झेंडे गोळा केले होते. पण रंगाची गोळी लागते, वळ उठतो, डोळे झाकावेच लागतात. लहान मुलांना, कुटुंबांना घेऊन खेळायचा हा प्रकार नव्हे.

लेझर टॅग खेळ म्हणून आला तो मात्र बंद खोलीत. जॉर्ज कार्टर यांनी २८ मार्च १९८४ रोजी डलासमध्ये ‘फोटॉन’ सुरू केलं: अंधार, धूर, डोक्यावर हेल्मेट, कमरेला बॅटरी. जमाना अवकाशयुद्धाच्या चित्रपटांचा होता, त्यामुळे सैनिकापेक्षा अंतराळवीर व्हायची हौस जास्त. १९८६मध्ये वर्ल्ड्‌स ऑफ वंडर या कंपनीने ‘लेझर टॅग’ नावाचाच खेळण्याचा संच बाजारात आणला आणि खेळ अंगणात, मोकळ्या आवारात पोहोचला.

तिथेच त्याला पहिला मोठा धक्का बसला. एप्रिल १९८७मध्ये कॅलिफोर्नियात रात्री एका शाळेच्या आवारात खेळणारा १९ वर्षांचा मुलगा पोलिसाच्या खऱ्या गोळीने मेला. हातातली बंदूक खेळण्यातली आहे हे अंधारात कळलं नव्हतं. खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला ठळक नारिंगी खूण हवी, असा अमेरिकी कायदा १९८८मध्ये आला. सार्वजनिक मैदानावर डाव मांडणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये असं मला वाटतं.

आता नावाबद्दल. टॅग म्हणजे आपली शिवाशिवी, फक्त लांबून केलेली, तेवढं खरं. लेझर मात्र बहुतेक संचांत नसतोच. असतो तो टीव्हीच्या रिमोटमधल्यासारखा इन्फ्रारेड एलईडी आणि त्यापुढे झोत अरुंद करणारं भिंग. चाप ओढला की प्रकाशाची उघडझाप होऊन एक छोटा संदेश जातो. हौशी लोकांनी घरी बंदुका बनवायला रुळवलेल्या ‘माइल्सटॅग’ पद्धतीत तो जेमतेम चौदा बिटांचा, म्हणजे शून्य किंवा एक अशा चौदा खुणांचा, असतो: कुणी झाडली, कुठल्या संघाने, इजा किती. लागलेल्याला मारणाऱ्याचा नंबरच पोहोचतो, मग वाद कसला?

मैदानात अडचण उन्हाची. सूर्यप्रकाशात इन्फ्रारेड भरपूर, त्यात हा क्षीण झोत हरवतो. म्हणून एलईडी सेकंदाला हजारो वेळा ठराविक लयीत लुकलुकतो आणि सेन्सर तीच लय ओळखून बाकीचा उजेड सोडून देतो. तरी कडक उन्हात पल्ला कमी होतो. संध्याकाळचा डाव उगाच रंगत नाही. शिवाय झाडाआडून फक्त डोकंच बाहेर येतं, म्हणून मैदानी संचात कपाळपट्टीवर सेन्सर असतात. बंद खोलीतल्या जाकिटांना त्याची एवढी गरज नसते, तिथे भिंतींवरून परतलेला झोतही कधी कधी काम करून जातो.

एवढं सगळं झाल्यावरही डावाआधी सांगायचा पहिला नियम कोणता, तर कपाळावरचा सेन्सर हाताने झाकायचा नाही, टोपी पुढे ओढायची नाही. आणि डाव संपल्यावर पाण्याच्या बाटल्यांभोवती हमखास ऐकू येतं, ‘अरे, मी तुला तीनदा मारलं होतं!’