किशोरवयीनांतील सामाजिक चिंतेचे मापन (बेळगाव सीमाभाग)

चारचौघांत आपले काही चुकेल, लोक हसतील, नावे ठेवतील या सततच्या धास्तीला सामाजिक चिंता म्हणतात. बुजरेपणा पुष्कळ मुलांत असतो. चिंतेचे निदान करताना मात्र भीती साधारण सहा महिने टिकली आहे का आणि तिच्यामुळे शाळा, मैत्री अडते का, हे पाहतात. मुलांच्या बाबतीत ती केवळ मोठ्यांपुढे नव्हे, बरोबरीच्या मुलांतही जाणवायला हवी.

ला ग्रेका व लोपेझ यांनी १९९८ मध्ये मांडलेली किशोरवयीनांची प्रश्नावली बरीच वापरली जाते. तिच्यातील १८ विधानांना मुले १ ते ५ गुण देतात. बेरीज १८ ते ९० येते. ५० किंवा अधिक आल्यास सविस्तर तपासणी करावी, असा संकेत आहे. लिबोविट्झ मापनश्रेणीच्या मुलांसाठीच्या आवृत्तीत २४ प्रसंग असून प्रत्येकात भीती किती वाटते आणि प्रसंग किती टाळला जातो, हे तपासनीस वेगवेगळे विचारतो.

सीमाभागात ही दुसरी पद्धत अधिक उपयोगी वाटते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची अनेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकतात आणि पी.यू. कॉलेजात (पदवीपूर्व, म्हणजे अकरावी-बारावी) एकदम इंग्रजी-कन्नडच्या वर्गात येऊन बसतात. खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून आलेली, गावच्या गणेशोत्सवात माईक हातात घेऊन सूत्रसंचालन करणारी मुलगी इथे शंका असूनही हात वर करत नाही, ऑफिसात दाखला मागायला मैत्रिणीला पुढे करते. ‘अनोळखी माणसाशी बोलणे टाळते’ यावर ती जास्त गुण देणार, हे उघड आहे. पण तिची अडचण भाषेची असू शकते. तिला सामाजिक चिंतेचे लेबल लावणे अन्यायाचे ठरेल. उलट, ‘कन्नड येत नाही म्हणून गप्प असते’ असे म्हणून खरी चिंता नजरेआड होण्याचा धोकाही तितकाच आहे. म्हणून तोच प्रसंग मराठी बोलणाऱ्यांत आणि कन्नड बोलणाऱ्यांत कसा वाटतो, हे स्वतंत्रपणे विचारावे. दोन्हीकडे छाती धडधडत असेल, घरच्या कार्यातही ती माजघरातून बाहेर येत नसेल, तर चिंतेची शक्यता बळावते.

प्रश्नावली वर्गात सर्वांसमोर भरून घेऊ नये. शेजारी डोकावतो आहे म्हटल्यावर अशी मुले नेमकी खरे लिहीत नाहीत. नुसत्या गुणांवरून निदान होत नाही, त्यासाठी तज्ज्ञाची मुलाखत लागते. या भागाला जवळची मोठी सरकारी मानसोपचार संस्था धारवाडला आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावरही सल्ला मिळतो.