सागरी मार्गावरील दुचाकी भटकंती (कोकण)

रायगड जिल्ह्यातील रेवसपासून सिंधुदुर्गातील रेडीपर्यंत, किनारा धरून जाणाऱ्या रस्त्याने मोटारसायकलवरून केलेला प्रवास. बहुधा तीन ते पाच दिवसांचा. करणारे त्याला ‘कोस्टल राइड’ किंवा नुसते ‘कोकण राइड’ म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग ६६ ने एका दमात गोवा गाठणे हा निराळा प्रकार. त्यात समुद्र जवळजवळ दिसतच नाही.

रेवस-रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातली (१९८०–८२). ‘महामार्ग’ हा शब्द मात्र पाटीपुरता समजावा. बराचसा भाग म्हणजे गावागावांना जोडणारी एकपदरी डांबरी सडक असून ती कुणाच्या पडवीला खेटून, तर कुठे देवळाच्या पाणवठ्याला वळसा घालून जाते. समोरून एसटी आली की दुचाकीवाल्याने साइडपट्टीवर उतरायचे, हा इथला अलिखित नियम.

रस्ता इतका वळणांचा असण्याचे कारण जमिनीत आहे. सह्याद्रीपासून निघालेले डोंगराचे फाटे थेट समुद्रापर्यंत येतात आणि त्यांच्यामधून सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी अशा आखूड नद्या खाड्यांना मिळतात. दक्षिणेकडे माथ्यावर जांभ्याचे सपाट कातळ, म्हणजे सडे. त्यामुळे रस्ता सड्यावर सरळ धावतो, कडेला आला की नागमोडी उतरतो, माडा-पोफळींच्या वाडीतून खाडीवर पोचतो आणि पलीकडे पुन्हा चढू लागतो. या घडीमुळे दिवसाला दीडशे किलोमीटर झाले तरी पुष्कळ. नकाशावरचे अंतर पाहून बेत आखणारे पहिल्याच संध्याकाळी अंधारात सापडतात.

काही टप्पे विशेष नावाजलेले आहेत. दिवेआगरहून आरावी-शेखाडीमार्गे श्रीवर्धनकडे येताना रस्ता लाटांच्या अगदी हाताशी असतो. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला येताना आरे-वारेच्या चढावर एका वळणात दोन्ही पुळणी एकदम दिसतात. तिथे गाडी थांबवायला जागा कमी आणि थांबणारे फार, हे ध्यानात ठेवावे. राजापूर तालुक्यातला कशेळी-आडिवऱ्याचा सडा मात्र बहुतेक जण गाडी न थांबवता पार करतात. कशेळीच्या कातळावर कोरलेला प्रचंड हत्ती आहे. कोकणातील अशा निवडक कातळशिल्पस्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत झाला.

खाड्या हा या प्रवासाचा खरा गाभा. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या ठिकाणी गाडीसकट पलीकडे नेणारी फेरीबोट असते. बोलण्यात तिला ‘जंगल जेट्टी’ म्हणतात. बोट चुकली, तर बागमांडल्याहून आंबेतच्या पुलापर्यंत आत जावे लागते, आणि दाभोळहून पार चिपळूणचा वळसा पडून अर्धा दिवस मोडतो. मोटारींची रांग लागलेली असली तरी दुचाकीला कोपऱ्यात जागा मिळते, म्हणून हा रस्ता दुचाकीचा. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळून बुळबुळीत झालेला असतो. तिथे पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी झालीच समजा. पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, पाय टेकत हळू उतरावे. बोटीत गाडी गिअरमध्ये ठेवून शेजारीच उभे राहावे, कारण लाटेने साइड स्टँड सरकतो. पलीकडच्या धक्क्याला फळी टेकण्याआधीच सगळे जण किक मारून तयार. एवढी घाई कशाची, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

गाडी कोणती, यावर वाद घालणारे घालतात. एन्फिल्डची धडधड हौसेची खरी, पण स्प्लेंडरवर डबल सीट बसून, सीटमागे बॅग बांधून हाच रस्ता करणारे कमी नाहीत. क्लच वायर तुटलीच तर तिचा सुटा भाग कुठल्याही बाजारपेठेच्या गावात मिळतो. पेट्रोल पंप विरळ, म्हणून श्रीवर्धन, दापोली, गुहागर अशा तालुक्याच्या गावी टाकी फुल करण्याची पद्धत आहे.

चालवण्याचे तंत्र घाटाचेच. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, चढत्या गाडीला आधी वाट द्यायची, आंधळ्या वळणावर हॉर्न मारायचा. खरा धोका वळणाच्या आतल्या कडेला असतो. पावसाने सड्यावरून वाहून आलेली जांभ्याची बारीक खडी तिथे साचते आणि तांबड्या धुळीत ती दिसत नाही. रात्री गुरे डांबरावर ठाण मांडतात, कारण दिवसभर तापलेला रस्ता उबदार असतो. गाडीचा दिवा पडला तरी ती उठत नाहीत.

हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्च-एप्रिलमध्ये उकाडा वाढतो, पण काजूच्या बोंडांचा आंबूस वास रस्ताभर सोबत करतो. पावसाळ्यात सडे हिरवेगार होतात, वर ‘सीतेची आसवे’ या रानफुलांचा निळा-जांभळा थर चढतो. मात्र दरडी कोसळतात आणि समुद्र खवळला की फेरीबोटीही थांबतात. देशावरून उतरण्याचे ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा हे घाट त्या दिवसांत धुक्यात बुडालेले असतात. वरंधा तर अनेकदा वाहतुकीला बंदच ठेवतात. मुक्काम बहुधा घरगुती खोल्यांत, जेवण आधी सांगून ठेवलेले.

खाड्यांवर पूल व्हायचे बेत जुने आहेत. बाणकोटच्या खाडीवरच्या पुलाचे काम अर्ध्यावर येऊन वर्षानुवर्षे रखडले.

रेडीनंतर महाराष्ट्र संपतो, पण तेरेखोल नदीपाशी नव्हे. तेरेखोलचा किल्ला आणि गाव नदीच्या उत्तर तीरावर असूनही गोव्यात मोडते. म्हणजे गोव्याची हद्द आधीच लागलेली असते, आणि पलीकडच्या केरीला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढवताना दोन्ही काठ गोव्याचेच असतात.