किडनी निकामी होण्याआधीची वर्षं : खानदेशातली पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडच्या दवाखान्यांत किडनीचा पेशंट बहुतेक वेळा उशिराच येतो. पायांवर सूज, धाप, अन्नावरची वासना उडालेली, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ घटक) वाढून आठ-दहाच्या घरात. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान झालेल्या. एकदा त्या अशा आकसल्या की दुखणं कशातून सुरू झालं हे बायोप्सीतूनही नीट कळत नाही. मग कारण शोधायचं ते मागच्या दहा-पंधरा वर्षांत.

देशपातळीवर हा शोध घेणाऱ्या, किडनीच्या जुनाट आजाराच्या रुग्ण-नोंदणीचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५२,२७३ रुग्ण होते. ३१ टक्के जणांची किडनी मधुमेहाने गेलेली, १४ टक्के जणांची किडनीतल्या रक्त गाळणाऱ्या बारीक जाळ्यांच्या जुनाट सुजेमुळे, १३ टक्के जणांची रक्तदाबाने. आणि १६ टक्के रुग्णांत कारण सापडलंच नाही. मला हाच आकडा सलतो, कारण हे रुग्ण इतरांपेक्षा तरुण होते, गरीब होते आणि आजार फार पुढे गेल्यावर आलेले होते.

खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात केळीच्या बागेत राबणाऱ्या मजुराच्या अंगातलं पाणी रोज आटतं. संध्याकाळी अंग ठणकलं की मेडिकलवरून डायक्लोफिनॅकची गोळी. ही गोळी किडनीकडे जाणारं रक्त कमी करते, आणि शरीर आधीच सुकलेलं असेल तर इजा वाढते. मधुमेह नाही, जुना रक्तदाब नाही, तरी किडन्या निकामी, असे शेतमजूर मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये नोंदवले. आंध्रातल्या उद्दानम पट्ट्यातही हेच दिसलं.

मुतखडा अंगावर काढल्याने अडकलेली लघवी, घोणस चावल्यावर पूर्ण न सावरलेली किडनी, ही कारणंही इथलीच. सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावकडे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यात विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात.

शेजारच्या बुलढाण्यातल्या खारपाणपट्ट्यामुळे (जिथं जमिनीतलं पाणीच खारं आहे) मुक्ताईनगरकडेही लोक सगळा दोष पाण्याला देतात. पाणी तपासलंच पाहिजे. पण तेवढ्यावर थांबलं तर घरातली न मोजलेली शुगर आणि मध्येच सोडलेली बीपीची गोळी सुटून जाते, आणि हे मला जास्त घातक वाटतं.

जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होतं. आज तीच महात्मा फुले योजना. तिच्यामुळे डायलिसिस गरिबाच्या आवाक्यात आलं. मात्र त्याआधीच्या टप्प्यावरची तपासणी त्याहून कितीतरी जुनी आणि स्वस्त आहे. १८२७ च्या सुमारास लंडनमध्ये डॉक्टर रिचर्ड ब्राइट चमच्यात लघवी घेऊन मेणबत्तीवर तापवत; ती गोठली की प्रथिनं जाताहेत हे कळे. आता तेच काम कागदी पट्टी करते. मधुमेही माणसाच्या लघवीत ही प्रथिनं वेळेत सापडली, तर रक्तदाबाच्या ठरावीक गोळ्यांनी किडनीची घसरण मंदावते, हे १९९३ पासून सिद्ध आहे.