फास्ट लेन्स आणि ऑटोफोकस: एफ/२.८ची रेषा कुठून आली?

'फास्ट लेन्स' हे नाव ऑटोफोकसच्या कितीतरी आधीचं. लेन्सचं तोंड मोठं, म्हणून उजेड जास्त, म्हणून शटर जलद ठेवता येतं, एवढाच त्याचा अर्थ होता. १९८५मध्ये मिनोल्टाचा ७००० आला, ऑटोफोकसवाला एसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा, फोटो काढताना तो आरसा वर उचलला जातो) हौशी लोकांच्याही हातात पोचला, आणि लेन्स फास्ट म्हणजे तिचा फोकसही झटपट, असा समज रुजला. तो अर्धाच खरा.

कॅननची ८५ मिमी एफ/१.२ (१९८९) घ्या. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं.) लेन्स फास्ट खरी, पण मोटरला तिची जाडजूड काच ढकलायची, त्यामुळे फोकस रमतगमत. त्याच कंपनीची ३०० मिमी एफ/२.८ मात्र १९८७पासून अल्ट्रासोनिक मोटरवर झपाट्याने फोकस होत होती. तेव्हा वेग मोटरचा आणि काचेच्या वजनाचा. मोठ्या तोंडाचा फायदा दुसरीकडेच आहे.

एसएलआरमधला फोकस सेन्सर लेन्सच्या दोन विरुद्ध कडांमधून येणारे किरण ताडून पाहतो. दोन डोळ्यांनी अंतराचा अंदाज घ्यावा तसं. डोळे जितके दूर, तितका फरक ठळक. एफ/२.८च्या कडा एफ/५.६च्या दुप्पट अंतरावर असतात. म्हणूनच कंपन्यांनी सेन्सरवरचे फोकस मापणारे काही बिंदू खास एफ/२.८साठी बनवले, मंद लेन्स लावली की त्यांची ती जादा अचूकता मिळत नाही. उलट एफ/५.६साठी आखलेला सेन्सर कडेचे किरण घेतच नाही, त्याला एफ/१.४ लेन्स दिली तरी मापाची अचूकता तेवढीच. आणि फोटो निघेपर्यंत अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड, पूर्ण उघडंच असतं, तेव्हा तुम्ही एफ/८ ठेवलंत म्हणून फोकसचं काही बिघडत नाही.

अ‍ॅक्शनमध्ये हे जास्त जाणवतं. धावत येणारा गोलंदाज आरसा वर जाईपर्यंत कुठे असेल, हे कॅमेरा आधीच्या मापांवरून ताडतो (मिनोल्टाच्या ७०००आयमध्ये ही सोय १९८८ला होती). मूळ माप जरा चुकलं तर अंदाज आणखी भरकटतो.

दुसरं टोक एफ/८चं. ४०० मिमी एफ/५.६ला १.४चा कन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारी, पण उजेड घटवणारी जोड) लावला की ती एफ/८ होते, आणि बहुतेक बॉडी तिथे ऑटोफोकस बंदच करत. पक्ष्यांचे फोटो काढणारे मग कन्व्हर्टरच्या काही पिनांवर चिकटपट्टी लावून कॅमेऱ्याला फसवत. फोकस कसाबसा व्हायचा, उडत्या पक्ष्यावर तर नशिबाचाच खेळ. कॅननच्या ईओएस-३चा (१९९८) मधला बिंदू एफ/८ला चालायचा. २०१२च्या ईओएस-१डी एक्समध्ये मात्र सुरुवातीला ही सोय नव्हती. किती ओरड झाली असेल! त्याच वर्षी ऑक्टोबरच्या फर्मवेअरने (कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीने) ती परत दिली. निकॉनच्या डी४मध्ये तेव्हा ११ बिंदू एफ/८ला चालत होते.

आरसा नसलेले कॅमेरे आले तशी एफ/२.८ किंवा एफ/८ची ही रेषा पुसट झाली. चित्र टिपणाऱ्या सेन्सरवरच फोकसचं माप घ्यायचं, ही वाट कॅननने आरसा असलेल्या ७०डीमध्येच (२०१३) ड्युअल पिक्सेलने, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचे दोन भाग करून, धरली. २०२०मध्ये तिनेच ६०० आणि ८०० मिमीच्या एफ/११ लेन्स काढल्या. एसएलआरच्या काळात ऑटोफोकसला निव्वळ नालायक ठरला असता असा आकडा! फोकसची चौकट मात्र त्यांच्यावर मधल्या भागापुरतीच मिळते.