साडी दारात नेऊन का बघतात?

बेळगावात, शहापूरच्या खडेबाजारात साडीच्या काठाला जुळणारं ब्लाउजपीस दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कुणी पक्कं करत नाही. "जरा दारात नेऊन बघतो की ओ," म्हणत काकू उठतात आणि काठावर कापड ठेवून दोन्ही उन्हात धरतात. आत एकजीव वाटलेले दोन रंग उंबऱ्यावर सपशेल वेगळे निघतात. काकूंची ही खोड नव्हे, पारख आहे. विज्ञानाला ती उलगडायला फार वेळ लागला.

पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात, हे न्यूटनने १६७२ साली मांडलं. पण इतके रंग डोळा ओळखतो कसा? प्रत्येक रंगासाठी वेगळी यंत्रणा डोळ्यात मावणार नाही, तीन पुरतील, असं इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगने १८०१ मध्ये सुचवलं. पुढे मॅक्सवेल आणि हेल्महोल्ट्झ यांनी ते पक्कं केलं. आपल्या डोळ्यातल्या पडद्यावरच्या साधारण साठ लाख शंकुपेशी, म्हणजे रंग टिपणाऱ्या पेशी, तीनच प्रकारच्या. मेंदूपर्यंत जातो तो या तिघींचा हिशेब. निरनिराळ्या रंगद्रव्यांचे दोन धागे एका उजेडात सारखाच हिशेब देतात आणि उजेड बदलला की वेगवेगळे दिसतात. ट्यूबलाइटमध्ये काही किरण भरपूर, काही तोकडे. उन्हात सगळे असतात.

मला मात्र यातली सगळ्यात जवळची वाटते ती शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट, कारण ती मागावरची आहे. १८२४ साली तो पॅरिसच्या गोब्लँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. तक्रार आली, काळा रंग फिका पडतो. त्याने दुसरीकडची काळी लोकर आणून ताडून पाहिली. रंगाईत खोट नव्हतीच. तो काळा निळ्या-जांभळ्याशेजारी विणला जात होता, आणि शेजारामुळे डोळ्याला मलूल दिसत होता. १८३९ मध्ये त्याने यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. वडगाव-खासबागच्या मागावर हिरव्या अंगाला लाल काठ घातला की लाल उठून का दिसतो, त्याचं उत्तर तिथंच आहे.

दिवेलागणीनंतर मात्र दारात जाऊनही भागत नाही. मंद उजेडात शंकुपेशी मागे पडतात आणि रंग न ओळखणाऱ्या दंडपेशी काम हाती घेतात. त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८२५ मध्ये हे नोंदवलं: तिन्हीसांजेला निळं तग धरतं, लाल आधी काळं पडतं. मग लाल काठाची साडी घ्यायला काकू भर दुपारी निघतात, ते बरोबरच आहे.